लिहून घेणार, लिहून देणार

मनुष्याच्या नुसत्या शब्दावर विसंबणे यासारखा अव्यवहार नाही, हे तत्त्व ज्याला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने हैदराबादेतील नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयांबाहेर नोटरी आणि अर्जनवीस मंडळी टेबले मांडून बसतात, तेथे थोडा वेळ उभे राहावे. साधे प्रतिज्ञापत्र करावयाचे म्हटले तरी मुद्रांक, ओळखीचा पुरावा, पानोपानी सही आणि शेवटी गोल शिक्का एवढा सरंजाम लागतो. आणि सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा जांभळ्या शाईत दाबून, कागदावर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हलकेच लोळवून, हा ठसा अमक्याचाच अशी ग्वाही दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावी लागते. मौज अशी की, हाच पक्षकार आपला पुकारा होईपर्यंत बाकावर बसून खिशातील मोबाइल बाहेर काढतो आणि शाई पुरती न वाळलेल्या त्याच अंगठ्याने, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, कॅलिफोर्नियातील एखाद्या कंपनीला आपल्या नित्य व्यवहाराचे जणू कुलमुखत्यारपत्र करून देतो. तेथे मुद्रांक नाही, साक्षीदार नाही, आणि ‘वाचलंत ना?’ असे उपचारापुरते विचारणारा नोटरीही नाही.

या बेफिकिरीला आजवर एक सन्माननीय अपवाद मानला जात असे. 2004 च्या नोव्हेंबरात ज्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली तो फायरफॉक्स नावाचा ब्राउझर, त्याच्यामागे धनलोभी व्यापारी नसून मोझिला ही लोकहितवादी संस्था उभी असल्यामुळे, सज्जनांचा ब्राउझर समजला जाई. संस्थेच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग ज्या गुगलच्या नजरेपासून आपण लपू पाहतो त्याच गुगलकडून येतो, ही गोष्ट ठाऊक असलेले लोकही ती चारचौघांत काढीत नसत; कारण सज्जनांच्या योगक्षेमाची चौकशी करणे शिष्टसंमत नाही. अशा या सत्शील ब्राउझरने 26 फेब्रुवारी 2025 रोजी आपल्या इतिहासात प्रथमच वापराच्या अटी जाहीर केल्या आणि त्यांतील एका कलमान्वये असे मागितले की, तुम्ही या ब्राउझरमधून जी माहिती भराल वा चढवाल तिचा वापर करण्याचा परवाना, विनामोबदला आणि सर्व जगभर चालेल असा, तुम्ही आम्हांस द्यावा. अर्थात तुम्हांला आंतरजालावर नीट फिरविता यावे एवढ्यासाठीच. यावर देशोदेशींच्या वापरकर्त्यांनी असा काही हलकल्लोळ केला की, दोनच दिवसांत तो मजकूर बदलून, ब्राउझर चालविण्यास आवश्यक तेवढेच हक्क आम्हांस हवेत, तुमच्या मजकुरावर आमची मालकी नाही, असा सौम्य पाठ त्या जागी घालण्यात आला.

परंतु कलम सौम्य झाले म्हणून निश्चिंत झालेल्या भाबड्यांच्या दृष्टीतून खरी चीज निसटण्याचा संभव होता, ती अशी की, याच सुमारास ‘आम्ही तुमची माहिती कधी विकली नाही आणि कधी विकणार नाही’ या अर्थाचे जे बाणेदार अभिवचन संस्थेच्या प्रश्नोत्तरांत होते ते तेथून गुपचूप काढून घेतले गेले होते. याविषयी जो खुलासा झाला तो न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जपून ठेवावा असा आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांच्या कायद्यांत ‘विक्री’ची व्याख्या इतकी विस्तृत आहे की, पैशाऐवजी अन्य काही मोलाचा लाभ घेऊन माहिती दिली तरी ती विक्रीच ठरते, आम्ही जाहिरातींच्या निमित्ताने भागीदारांना थोडीफार माहिती देतो, तीही ओळख पुसून अथवा एकत्रित करून, सबब विकत नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही. साक्ष फिरविणारे साक्षीदार नामपल्लीने पुष्कळ पाहिले आहेत, तथापि ‘सत्याची व्याख्याच अलीकडे फार विस्तृत झाली आहे’ असे सांगून फिरणारा साक्षीदार तिच्या पिंजऱ्यात अद्याप उभा राहिलेला नाही.

या कराराची परीक्षा जाणत्या माणसाकडून व्हावी म्हणून आम्ही तो मूळच्या मराठवाड्यातील एका वृद्ध अर्जनवीसांपुढे ठेवला आणि त्याचा भावार्थ सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, पिढीजात वळणाने, कोऱ्या कागदावर पुढील मसुदा उतरविला:

‘लिहून घेणार: ब्राउझरवाली कंपनी, धंदा परोपकार, राहणार कॅलिफोर्निया. लिहून देणार: आपण स्वतः, धंदा नोकरी, राहणार नामपल्ली, शहर हैदराबाद. कारणे परवानापत्र लिहून देतो ऐसा जे, मी आपल्या खिडकीत जे जे लिहीन अथवा चढवीन त्याचा वापर करण्याची परवानगी आपणांस विनामोबदला दिली असे. पुढे या कागदाचा मजकूर आपण मर्जीस येईल तसा बदलावा. त्यानंतर मी खिडकी उघडली म्हणजे बदल मला मंजूर आहे असे समजावे. येणेप्रमाणे न वाचता, न समजता, कामाच्या घाईत, राजीखुशीने लिहून दिले असे.’

मसुदा पुरा झाल्यावर मात्र ते थबकले. “साहेब, बाकी सगळं चालतं हो,” ते म्हणाले, “पण सही झाल्यावर एकट्यानंच कागदात फेरफार करायचा अन् दुसरा गप बसला म्हणून राजी समजायचं, असं इथं कुणी केलं तर त्याच्यावर फौजदारी होते. बघा, कोर्ट समोरच हाय.” वापर चालू ठेवणे हीच बदलाला मान्यता, हे वाक्य खरोखरच त्या अटींत होते हे त्यांना पटविण्यास आम्हांला बराच वेळ लागला.

आपल्या देशात या बाबतीत अंदाधुंदी आहे असे मात्र कोणी समजू नये. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. 2023 मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, आणि कंपन्यांना जाच होऊ नये म्हणून त्यांतील मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची सवलतही मिळाली. संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त आणि समजून दिलेली असावी, तसेच तिच्यासंबंधीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागता यावी, अशी तरतूद त्या कायद्यात असल्यामुळे, आजवर जी सूचना आपण इंग्रजीत वाचली नाही ती यापुढे मराठीतही न वाचण्याचा अधिकार आपणांस प्राप्त झाला आहे. शिवाय खोटी अथवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकास 10,000 रुपयांपर्यंत दंड ठेवला असल्याने तक्रारींचे प्रमाण आटोक्यात राहील. सरकारी यंत्रणांना तर या कायद्यातून सूट देण्याचीच सोय आहे. रस्त्यावरील माणसाचा चेहरा टिपून ओळखणाऱ्या पोलिसी यंत्रणेविरुद्ध हैदराबादच्या एका कार्यकर्त्याने केलेल्या याचिकेवर तेलंगण उच्च न्यायालयाने 2022 च्या आरंभी नोटीस काढली, त्या यंत्रणेने चेहऱ्याच्या मालकापुढे अटींचा कागद कधी धरलेलाच नाही. त्या मानाने ब्राउझर निदान लेखी तरी मागतो.

सारांश, तंटा माहितीचा नसून लेखणी कोणाच्या हाती आहे याचा आहे; आणि ती दोन्ही पक्षांच्या हाती असावी, एवढीच दुरुस्ती आमच्या अर्जनवीसांनी सुचविली. त्यांच्या सल्ल्याने आम्ही समस्त ब्राउझर कंपन्यांस पुढील नोटीस दिली आहे: आमच्या यंत्रावर राहण्याच्या अटी आजपासून बदलल्या असून, आमच्याविषयी जमविलेली प्रत्येक नोंद, ती कोणाला आणि कोणत्या लाभासाठी दिली या तपशिलासह, दरमहा आम्हांस सादर करावी, अटी मंजूर नसल्यास आपले बस्तान उठवावे, आणि उद्या सकाळी आपली खिडकी आमच्या पडद्यावर पूर्ववत उघडली, तर आपणांस सर्व अटी मान्य आहेत असे आपल्याच न्यायाने समजण्यात येईल.