थांबा, हात लावू नका!

रोज एक फोटो काढायचा, वर्षभर काढायचा आणि वर्षाअखेरीस छायाचित्रकार व्हायचं, असा हा अभ्यासक्रम आहे. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. अट एकच, घरची माणसं सोशिक हवीत. तुमचा स्वभाव कसाही चालेल.

सुरुवात कधी करावी? बहुतेक लोक १ जानेवारीला करतात आणि संक्रांतीला तिळगुळाचा फोटो काढून थांबतात. नवशिक्यांनी एखादा मंगळवार धरावा. मंगळवारकडून कुणाच्याच फारशा अपेक्षा नसतात.

कॅमेरा कोणता घ्यावा, हे कुणालाही विचारू नका. ज्याला लेन्समधलं सगळं कळतं, त्याने गेल्या गणपतीनंतर एकही फोटो काढलेला नसतो. खिशात फोन आहे ना? मग त्याची काच पुसा. दिव्यांभोवती जे स्वप्नाळू, धूसर तेज येतं, त्याला कला समजू नका. ते तुमच्या बोटाचं तेल आहे. वेगळा कॅमेरा असलाच तर पावसाळ्यात तो कपाटात कापडी पिशवीत कोंबू नका, भिंगावर बुरशी चढते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्याने काम भागतं. काही जण कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवतात. त्याने तांदळाची भुकटी बटणांत जाते आणि कॅमेऱ्याचा पट्टा भातात येतो.

पहिला आठवडा आपोआप पार पडतो. चहाचा कप, मांजर, सूर्यास्त, स्वतःचे पाय आणि मग चंद्र. चंद्राचा फोटो प्रत्येक जण काढतो आणि प्रत्येकाला काळ्या कागदावर पडलेला चुन्याचा ठिपका मिळतो. कारण साधं आहे. आपल्याकडे रात्र असली तरी चंद्राच्या उजळलेल्या भागावर लख्ख ऊन पडलेलं असतं. कॅमेरा मात्र भोवतालचा अंधार बघून घाबरतो आणि उजेड ओरपत बसतो. आयएसओ १००, छिद्र एफ/११ आणि शटर १/१०० सेकंद ठेवलं की पौर्णिमेच्या चंद्रावरचे डाग दिसू लागतात. फोनवाल्यांनी चंद्रावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढावी. चंद्र शेंगदाण्याएवढाच येईल, पण चंद्र येईल.

आता मुख्य धडा : कांदेपोहे.

स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करा. डिश खिडकीपाशी आणा आणि उजेड एका बाजूने येईल अशी ठेवा. बाजूच्या उजेडात प्रत्येक पोह्याला स्वतःची इवली सावली मिळते, खोबऱ्याचा कीस सुटा दिसतो, कोथिंबिरीची कड चमकते. फ्लॅश मारलात तर तेच पोहे ओल्या पिवळ्या सिमेंटसारखे दिसतात. आता डिश पांढरी असेल तर फोटोत ती कळकट येईल. तिच्यावर चिडून ती पुन्हा घासायला टाकू नका. चौकटीत जे काही आहे त्याची सरासरी मध्यम राखाडी असणार, असं कॅमेऱ्याचं उजेड मोजण्याचं यंत्र धरून चालतं. म्हणून पांढरी गाय त्याच्या हिशेबी राखाडी आणि काळी म्हैसही राखाडी. गाय काढताना उजेड एक घर वाढवायचा, म्हैस काढताना एक घर उतरवायचा. सगळ्यांना वाटतं उलट, कारण गाय आधीच उजळ असते. पोह्यांची डिश गायीत मोडते.

एवढं होईपर्यंत टेबलाभोवती चार माणसं हात आवरून बसलेली असतात. ‘थांबा, हात लावू नका’ हे वाक्य तुम्ही दिवसातून दोनदा म्हणू लागलात की अभ्यासक्रमाचा पहिला टप्पा पूर्ण झाला असं समजा. त्यावर बाबा म्हणतील, ‘मग आम्हाला प्रिंटच वाढ.’ उत्तर देऊ नये. लिंबाची फोड थोडी डावीकडे सरकवावी.

तिसऱ्या आठवड्यात घर संपतं. कुकर झाला, तुळस झाली, दोरीवरचे कपडे झाले, उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी दोन कोनांतून झाली. इथे गळती सुरू होते. ज्यांना गळायचं नाही, त्यांनी एकच गोष्ट रोज काढावी. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढताना टिपत राहिले. १९१२ सालची ती ‘अंकुराची वाढ’ बघून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढून पाहिलेल्या माणसाला वाटाण्याने तारलं. तुम्ही मेथीदाणे पेरलेत तरी चालेल. फक्त घरी सांगून ठेवा, नाहीतर विषय थालीपिठात जाईल.

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टनने ३१ मार्च १९७९पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला, तो २५ ऑक्टोबर १९९७ला, मृत्यूच्या दिवसापर्यंत. साडेसहा हजारांहून अधिक फोटो आहेत. त्यांत जेवणं आहेत, मित्र आहेत, आणि ज्यांत काहीच घडत नाही असे दिवस तर कितीतरी. पण एका दिवसाला एकच. तुम्ही मात्र पोह्यांचे चाळीस काढून ठेवता आणि रात्री त्यातला कुठला निवडायचा यावर झोप घालवता. चाळीस काढले तर एकोणचाळीस त्याच रात्री पुसा. माझ्या मते निम्मं शिक्षण या पुसण्यात आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

बाहेर पडलात तर माणसांना विचारून फोटो काढा. मंडईतली भाजीवाली मान डोलावते, पण आधी जुडी हातात देते. एका फोटोमागे एक मेथी असा दर धरून चाला. आठवड्यात घरच्यांना मेथी नकोशी होते आणि तुम्ही आपोआप फुलबाजाराकडे वळता.

आणि मग ती वेळ येतेच. रात्रीचे अकरा पन्नास, तुम्ही गादीवर आडवे, आणि आठवतं की आजचा फोटो राहिला. समोर फक्त पंखा. काढा. लाजू नका, या अभ्यासक्रमातल्या प्रत्येकाच्या संग्रहात पंखा असतोच. शिवाय इतका गुणी मास्तर दुसरा मिळणार नाही. रात्रीच्या मंद दिव्यात शटर बराच वेळ उघडं राहतं आणि पाती विरघळून त्यांची करडी थाळी होते. सकाळी उन्हाच्या उजेडात, रेग्युलेटर एकवर ठेवून १/१००० सेकंदाला काढा, पाती जागच्या जागी थिजतात. १८३८ साली छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला, तेव्हा प्लेटवर उजेड काही मिनिटं पडू द्यावा लागला होता. गाड्याघोडे, माणसं सगळी तुमच्या पात्यांसारखी विरून गेली. ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घेत उभा असलेला एक जण. पळणाऱ्या भाच्याचा फोटो का हलतो, हे पंखा एका रात्रीत शिकवतो. १/१०००वाला फोटो मात्र घरात दाखवू नये. त्यात पात्यांवरची धूळ दिसते आणि लगेच तुम्हाला स्टूल आणायला सांगतात.

वर्ष पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळत नाही, मुंज मिळते. आत्याचा फोन येतो, ‘तू फोटो काढतोस ना हल्ली? मग वेगळा फोटोग्राफर नाही सांगितला.’ बटू गोरा, सोवळं पांढरं, म्हणजे तो गायीत धरा. होमाच्या धुरात लेन्स पुसत राहा. मातृभोजनाच्या क्षणी एक काका स्वतःचा फोन घेऊन बरोबर तुमच्या पुढ्यात येतील, त्यांची टाळू हा त्या दिवसाचा फोटो समजावा. पहिल्या पंगतीचे फोटो काढायचे, दुसऱ्या पंगतीत आग्रहाचे काढायचे, तेव्हा तुमचं पान शेवटच्या पंगतीत. मठ्ठा तोवर संपलेला असतो, म्हणून आचाऱ्याचा एक चांगला फोटो सकाळीच काढून त्याला दाखवून ठेवावा.