अर्धा कोयता: नवकारभाऱ्यांसाठी सोपं मार्गदर्शन

लग्न नुकतंच झालंय, घराचा कारभार हाती आलाय आणि दसऱ्याच्या आत ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन बसणार आहे, अशा बीड जिल्ह्यातल्या नेकनूर पंचक्रोशीतल्या तरुणांसाठी हे लिहिलं आहे. कारभार कसा करावा हे शाळेत शिकवत नाहीत. बाप शिकवतो, पण तोंडाने नाही, वागण्याने. त्यात गेल्या पन्नास वर्षांत सरकारने इतके कायदे, योजना आणि महिला धोरणं काढून ठेवली आहेत की जुन्या चालीचा कारभारी गांगरून जावा. गांगरू नका. पुढच्या सूचना नीट पाळल्यात, तर यातल्या एकाही गोष्टीची झळ तुमच्या घराला लागणार नाही.

आधी शब्द शिकून घ्या

पुण्यात ‘कोयता’ आणि ‘टोळी’ हे शब्द एका दमात उच्चारले तर पोलीस येतात. आपल्याकडे मुकादम येतो. आपल्याकडे कोयता म्हणजे ऊस तोडायला निघालेली नवरा-बायकोची जोडी. ‘यंदा किती कोयते?’ असं कारखान्याचा माणूस मुकादमाला विचारतो तेव्हा तो लोखंड मोजत नसतो. एकटादुकटा निघाला तर तो अर्धा कोयता. त्याला उचलही, म्हणजे आगाऊ रक्कमही, अर्धी.

म्हणजे तुम्ही अर्धे, ती अर्धी, दोघं मिळून एक. त्या एकाचं नाव मुकादमाच्या वहीत लिहायचं असतं आणि ते तुमचं असतं. उचलीचे पैसे तुमच्या हातात, अंगठा किंवा सही तुमची. तिच्या अर्ध्यासाठी वहीत रकाना नाही. दोन माणसांचं काम, एक ओळ.

या ओळीचं मोल नवशिक्यांच्या लवकर लक्षात येत नाही. १९७६ साली देशात समान वेतनाचा कायदा झाला. एकाच कामासाठी बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. कायदा चांगला, असू द्या. जिची मजुरीच कुठे वेगळी लिहिलेली नाही, तिला कमी दिली हे कोण दाखवणार? साहेब तपासणीला आला तरी त्याला वहीत एकही बाई सापडणार नाही. कायदा मोडायचा असला तर चोरीछुपे वागावं लागतं. इथे कायद्याला रामराम घालून सरळ पुढे जाता येतं.

अर्ध्याचा पूर्ण कोयता करायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: लग्न. हंगामाच्या तोंडावर पोराचं लग्न उरकलं की उचल दुप्पट होते. घाईत लावलेल्या अशा लग्नाला ऊसपट्ट्यात ‘गेटकेन’ म्हणतात, म्हणजे माणसाच्या लग्नाला उसाचं नाव. मुलीचं वय विचारायचं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांमागे ४३ हून जास्त जणींनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं. तेव्हा या धड्यात जिल्हा पुढेच आहे, तुम्हाला वेगळा सराव नको.

आता हिशेब

समजा, एक लाख उचल घेतली. जानेवारी २०२४ मध्ये ठरल्याप्रमाणे तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये. लाख फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. दोघं मरमर करून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर १३७ दिवस होतात. हल्ली एखाद्या वर्षी हंगाम शंभर दिवसांच्या आतच आटोपतो. राहिलेली बाकी अंगावर फिरते, म्हणजे पुढच्या साली आपोआप काम पक्कं. बेकारीची चिंता मिटली.

दोन टनांचे ७३२ रुपये. त्यातले निम्मे तिचे, असं कोणी म्हणालंच तर त्याला पुढचं वाचून दाखवू नका.

ती चारला उठते. कोपीबाहेर, म्हणजे फडाजवळच्या खोपटाबाहेर, तीन दगडांची चूल असते, ती पेटवते. पाणी आणते, ते कधी कॅनॉलचं असतं, कधी मालकाच्या विहिरीचं, आणि विहिरीवर बोलणीही ऐकते. दिवसभराच्या भाकरी थापते. तुम्हाला पाचला चहा देऊन उठवते. मग फड. तुम्ही तोडता, ती वाढं छाटते, पाचट बाजूला सारते, मोळी बांधते. लहानगं बांधावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोळीत. संध्याकाळी ट्रक येतो, कधी रात्री अकराला. तेव्हा चाळीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या लावलेल्या फळीवरून वर चढायचं असतं. फळी दवाने ओली असते. खालून बघणाऱ्याला फक्त मोळी चढताना दिसते, तिच्याखालचं माणूस दिसत नाही. ट्रक भरला की तुम्ही पाठ टेकता आणि ती पुन्हा चुलीपाशी जाते.

यातलं फडातलं काम अर्ध्या कोयत्यात धरायचं. चूल, पाणी, धुणं आणि पोर कशातच धरायचं नाही. ते ‘घरचं’. आता फडात घर कुठे असतं, हे मला विचारू नका.

खाडा: सर्वांत महत्त्वाचा धडा

कामाला दांडी पडली की खाडा. खाड्याचे पैसे कापतात, काही टोळ्यांत पाचशेपर्यंत. अर्धा कोयता आजारी पडला तर पूर्ण कोयत्याचा खाडा, कारण एकट्याने मोळी बांधून ती वाहता येत नाही. आता बाईचं शरीर महिन्याला तक्रार करतं. फडात आडोसा नाही, पाणी नाही, धुतलेलं फडकं वाळत घालायला जागा नाही. अंगावर जातं, ओटीपोटात दुखतं, मग कोणीतरी सांगतं, ‘गर्भपिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’

इथे मार्गदर्शकाचा सूर जरा सुटतो, माफ करा. २०१९ साली हे प्रकरण वर्तमानपत्रांत आलं, विधान परिषदेत गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या. त्यासाठी पैसे कुठून आले? उचलीतून, किंवा मुकादमाकडून आणखी थोडे घेऊन. म्हणजे खाडा वाचवायला कर्ज काढायचं आणि ते फेडायला खाडा न करता राबायचं. शस्त्रक्रियेनंतर कंबर धरते, हाडं दुखतात, चाळिशीच्या आत बाई म्हातारी होते. त्याचा रकाना वहीत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पुढे सरकारने अशा शस्त्रक्रियांवर वचक बसवला. फडात न्हाणीघर मात्र अजून क्वचितच दिसतं.

खाड्याबद्दल एक इशारा. खाडा एकटीने केला तर कापून घेता येतो, सगळ्यांनी मिळून केला तर अवघड होतं. आइसलंड नावाचा एक थंड देश आहे, वस्ती आपल्या जिल्ह्यापेक्षा कितीतरी कमी. तिथे २४ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एका दिवसाचा खाडा टाकला. कचेरीत नाही, कारखान्यात नाही, चुलीपाशीही नाही. पुरुष पोरं काखोटीला मारून कामावर गेले. पुढच्या वर्षी तिथल्या संसदेने समान हक्कांचा कायदा केला, आणि पाच वर्षांनी एक बाई राष्ट्राध्यक्ष झाली. ही गोष्ट टोळीत सांगू नये. विशेषतः डिसेंबरात, गाळप भरात असताना.

सरकारने काही दिलंच तर

सरकारी योजना कशी पचवायची याचं तंत्र एकच आहे: पैसा किंवा अधिकार बाईपर्यंत पोचायच्या आधी मधे एक पुरुष बसवायचा.

२०११ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. त्यावर गावोगाव सरपंचपती हे पद निघालं. त्याला मानधन नसतं, तरी रांग लागते. २०२४ साली लाडकी बहीण आली, महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. हे जरा जड गेलं, कारण मधे बसायला जागाच नव्हती. पुढच्या वर्षी ई-केवायसी निघाली आणि बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचा आधार व त्यावरचा ओटीपी लागू लागला. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो. मोबाइल तुमच्या खिशात. नवरा वारलेल्या, टाकून दिलेल्या बायका सेतू केंद्राबाहेर कागद घेऊन उभ्या राहिल्या, पण त्यांच्याबद्दल हे मार्गदर्शन नाही.

एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं मात्र मला काही करता आलं नाही. १७ मार्च २०२३ पासून बाईला एसटीत अर्धं तिकीट. बाईला अर्धी मोजल्याचा बाईलाच फायदा झाला, असं माझ्या माहितीतलं हे एवढंच उदाहरण. नेकनूरच्या बाजारादिवशी स्टँडवर जाऊन बघा. पूर्वी दोघी-तिघी दिसायच्या, आता घोळका असतो. कोणी माहेरी, कोणी बीडला दवाखान्यात, कोणी नुसतीच बहिणीकडे. ना अर्ज, ना ओटीपी, ना कोणाची सही. एसटीत चढायचं आणि बसायचं. योजना अशी कधीही आखू नये.

रोजगार हमीपासूनही जपून. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी खाऊन दिवस काढले, असं सांगायची, पण त्याहून जास्त वेळा हजेरीच्या मस्टरबद्दल सांगायची. कारण मस्टरवर तिचं नाव होतं, स्वतंत्र ओळीत, आणि समोर तिचा स्वतःचा अंगठा. पगार मोजून तिच्या पदरात पडायचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा राज्याने १९७७ मध्ये कायदा केला, पुढे देशाने उचलली. २०२५–२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये, बाईला आणि गड्याला सारखा, ज्याचा त्याच्या खात्यात. दोघांचे मिळून ६२४, तेही ओल्या फळीवर न चढता, आपल्याच शिवारात. म्हणजे फडापेक्षा १०८ रुपये कमी आणि घर शाबूत. तेव्हा गावात हमीची कामं वेळेवर निघणार नाहीत आणि पैसे लांबतील, याकडे लक्ष ठेवा. मुकादमाची उचल रोख आणि आगाऊ मिळते, सरकारी पैसा उशिरा येतो. मुकादमाचा सगळा धंदा या एका फरकावर उभा आहे.

ऊसतोड कामगारांसाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रंही आहेत. ओळखपत्र काढायचंच असेल तर एकच काढा. तुमचं.

शेवटी कागद

वरच्या सगळ्या चुका सुधारता येतात, कागदावरची सुधारत नाही. म्हणून इथे सावध.

बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली मान्य केला, देशाने २००५ साली. याला तोड आपण आधीच काढली आहे: हक्कसोड. राखीपौर्णिमा किंवा भाऊबीज बघून बहिणीला बोलवावं, जेवू घालावं, साडी नेसवावी आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री कचेरीत न्यावं. तिने नाही म्हटलं तर ‘माहेर तुटेल’ एवढं एकच वाक्य पुरतं. तेही तुम्ही बोलू नका, आईकडून बोलवा.

बायकोच्या नावाचं प्रकरण जुनं आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि खरोखरच कित्येक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावे केला. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढलं: सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तीस वर्षं उलटून गेली. नेकनूरच्या बाजारात उभं राहून दहा जणांना विचारा, लाडकी बहीण दहाही जणांना माहीत असेल. लक्ष्मीमुक्ती कोणाला माहीत असली तर मला कळवा.

घाबरायचं कारण नाही, कारण परिपत्रकातच सोय आहे. त्यासाठी अर्ज नवऱ्याने द्यायचा असतो. बायकोला तो देता येत नाही. तेव्हा तुम्ही काही केलं नाही तरी सगळं यथास्थित चालू राहील.

हे लिहिणाऱ्याच्या सातबाऱ्यावर आजच्या तारखेला एकच नाव आहे. अर्ज लिहून झालाय, खिशात आहे. सोमवारी तलाठी भेटतील.