स्टार्टरनाना

प्रत्येक सोसायटीत एक स्टार्टरनाना असतात. बँकेतून निवृत्त झालेले. टेस्टर मात्र शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. कुणाकडची ट्यूब फडफडायला लागली की घरच्यांच्या आधी यांना कळतं, कारण संध्याकाळी ते लोकांच्या खिडक्यांकडे बघतच फिरतात.

"ट्यूब गेली," असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. "गेली कशी? फिरवून बघितलीत?" लगेच स्टूल येतं. धाकट्यानं स्टूल धरायचं, वहिनींनी बॅटरी. नाना ट्यूब पाव फेरा फिरवून पिना होल्डरमध्ये नीट बसवतात. नाहीच पेटली तर स्टार्टर काढून कानाशी हलवतात. काय ऐकू येतं ते देव जाणे, पण मान गंभीरपणे डोलते. मग स्टुलावरूनच व्याख्यान. स्टार्टरच्या आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून चिकटते, ट्यूबच्या टोकांच्या तारा गरम होतात, पट्टी निवून सुटते आणि त्या क्षणी चोक जो दाबाचा झटका देतो, त्यानं ट्यूब पेटते. तोवर मालिका संपलेली असते. टोकं काळी पडलीयेत, आता नवीनच आणू, असं कुणी सुचवलं तर उत्तर ठरलेलं: "माझे केस पांढरे झाले, मला बदललं का कुणी?"

त्यांच्या स्वतःच्या घरी तीन ट्यूब आणि स्टार्टर एकच. एकदा ट्यूब पेटली की स्टार्टरला काही काम उरत नाही, हे शंभर टक्के खरं. "मग त्याला बसून पगार कशाला?" रोज दिवेलागणीला नाना तो एक स्टार्टर घेऊन हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम अशी फेरी मारतात. मध्येच वीज गेली की काकू कपाळाला हात लावतात, कारण आली की फेरी पुन्हा पहिल्यापासून.

जावयानं एलईडी ट्यूब आणली. हिशोब मांडला: जुनी ट्यूब 40 वॅटची, वर तांब्याचा चोक खातो दहाएक, ही नुसती 20. नानांनी आकडेमोड तपासली. चूक सापडेना, तेव्हा विचारलं, "यात दुरुस्त काय करायचं?"

"काहीच नाही. गेली की टाकून द्यायची."

त्यानंतर जेवताना नाना जावयाशी फक्त हवामानावर बोलले. एलईडी हॉलमध्ये लागली; स्वयंपाकघरात मात्र चोकाची गुणगुण अजून चालू आहे. ती थांबली तरच काळजी करायची, असं नानांचं मत.

उडालेल्या ट्यूब त्यांच्या माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेल्या असतात. कशाला, ते विचारू नये. पण एका बाबतीत त्यांचं ऐकाच: ट्यूब फोडून कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतो. ई-कचरा घेणारं कुणी सापडेपर्यंत नानांकडे द्या. ते नाही म्हणणार नाहीत. फक्त आधी एकदा फिरवून बघतील.