पिवळं पाणी

भिवंडीजवळच्या टेमघरच्या माणसाला निसर्गाच्या सान्निध्यासाठी लोणावळा गाठावं लागत नाही. निसर्ग शहाडहून पाइपातून त्याच्या दारात येतो. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरच्या केंद्रात आणायचं, तुरटीनं गाळ बसवायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरीन सोडायचा आणि भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर अन् वाटेतल्या गावांकडं धाडायचं, हा ‘स्टेम’चा रोजचा उद्योग. स्टेम म्हणजे शहाड-टेमघर. लाखो लोकांच्या पोटाशी नातं असलेलं हे नाव लोकांच्या तोंडी येतं ते फक्त ‘उद्या स्टेमचा शटडाऊन आहे, पिंप भरून ठेवा’ एवढ्यापुरतं.

आता केंद्राच्या अलीकडचं पाणी बघा. एकशे एक टक्के नैसर्गिक. राजमाचीच्या बाजूला उगम पावलेली नदी कर्जत, बदलापूर करत शहाडला पोचेस्तोवर वाटेतल्या शहरांचा सगळा प्रसाद घेऊन येते. उल्हासनगरच्या खेमाणी नाल्याची कीर्ती तर सर्वदूर आहे. उन्हाळ्यात जलपर्णी अशी माजते की खाली नदी आहे हे पाहुण्याला सांगावं लागतं. ‘वनशक्ती’सारखी संस्था या नदीसाठी हरित लवादापर्यंत गेली. तर असं हे अस्सल, क्लोरीनचा थेंबही न लागलेलं पाणी निसर्गोपचाराच्या भक्तांनी आठ दिवस अनशापोटी पेलाभर घ्यावं. नंतर आजाराची भीती म्हणून उरणार नाही, कारण आजारच आलेला असेल.

पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांना काळजी आहे ती क्लोरीनची. ‘नळाला दवाखान्याचा वास मारतो हो. विष आहे ते, विष! पहिल्या महायुद्धात याच वायूनं माणसं मारली.’ मारली, खरं आहे. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर ढगच्या ढग सोडले होते. आपल्या नळाला तो उरावा अशी अपेक्षा असते लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम. एवढ्यात काका मरत नाहीत, पटकीचे जंतू मरतात. विष आहेच, फक्त ते काकांसाठी बनवलेलं नाही.

हे भांडण जुनंही आहे. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीत डॉ. जॉन लील यांनी शहराच्या पाण्यात क्लोरीन सोडायला सुरुवात केली, तेव्हा शहराच्या पाण्यावरून कोर्टात आधीच चाललेल्या भांडणात क्लोरीनचाही वाद झाला. निकाल क्लोरीनच्या बाजूनं लागला. काकांच्या कोर्टात तो अजून प्रलंबित आहे.

आपल्याकडं पाण्यातून जे आजार येतात त्यात मानाचं पान काविळीचं. दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर ते पाणी कुणाला आठवतंय? दोष जातो परवाच्या वडापाववर. आणि पाय वळतात कावीळ ‘उतरवून’ देणाऱ्याकडं. ठाणे जिल्ह्यातच काय, उभ्या महाराष्ट्रात असा एक तरी दादा पंचक्रोशीत असतो. ठरलेल्या वारी औषध, पैसे घेत नाही म्हणे, फक्त नारळ आणि मनाला येईल ते.

त्याचा खेळ जवळून बघण्यासारखा असतो. आधी रोग्याच्या हाताला कसलासा रस चोळतात. मग स्टीलच्या घमेल्यात पाणी घेऊन हात धुवायला सांगतात. हात धुतले की पाणी हळदीसारखं पिवळं! बरोबर आलेली आई हात जोडते, ‘बघा, निघाली हो अंगातनं.’ रस असतो आंब्याच्या सालीचा आणि पाणी असतं चुन्याचं. साल आणि चुना एकत्र आले की पिवळं होणारच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हा प्रयोग करून दाखवत आले. ठणठणीत सरपंचाचे हात धुतले तरी कावीळ निघते. दुसरा प्रकार डोक्यावर ठेवायच्या माळेचा. काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात गुंतवून ओली माळ करतात. काड्या वाळून आकसल्या की फास सैल पडतात, माळ लांबत कपाळावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर येते. ‘जसजशी माळ उतरेल तसतशी कावीळ उतरेल.’ उतरतेही! कारण पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ विश्रांती घेतली की काही आठवड्यांत आपली आपण उतरते. माळ आणि कावीळ दोघी आपापल्या गतीनं उतरतात, श्रेय दादाला.

जी उतरत नाही तिचं काय? पित्ताशयातल्या खड्यांमुळं झालेली, लेप्टोची, बी प्रकारची? आणि ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. तिथं माळ लांबायची वाट बघत बसलेले दोन दिवस फार महागात पडतात. तशी केस दादाकडं परत जात नाही, मग त्याचा गुण शंभर टक्केच राहणार.

घरी आल्यावर पथ्य. हळद बंद. का? पिवळी असते म्हणून! या न्यायानं गोवरात टोमॅटो बंद करायला हवा. वर उसाचा रस भरपूर. तो बायपासच्या गुऱ्हाळावरून आणायचा, बर्फ घालून. बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विचारणारा माणूस शंकेखोर ठरतो. ज्या वाटेनं कावीळ आली त्याच वाटेनं आता तिचं औषध येतं.

डॉक्टरांनाही सोडायला नको. खास औषध नसलेल्या आजारात ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली लिहून देणारे आणि जरा थकवा वाटला की सलाईन टांगणारे काय कमी आहेत? प्रश्न विचाराच. माझी तक्रार एवढीच की दवाखान्यात ‘यात कंपनीचं कमिशन किती?’ असं ताठ मानेनं विचारणारा माणूस घमेल्यापुढं हात धुताना मान खाली घालतो.

तोच माणूस आठवड्यानंतर दार उघडतो, तर समोर टाय लावलेला पोरगा. ‘काका, तुम्ही काय पिताय ते दाखवतो.’ दोन पेले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं. दोन्हींत लोखंडी सळ्या बुडवल्या, वायर प्लगात. मिनिटभरात नळाच्या पेल्यात पिवळा, मग तपकिरी चोथा वर आला. आरओचा पेला नितळ. वहिनींच्या तोंडून ‘शी!’ निघालं आणि हप्त्यांचा फॉर्म बाहेर आला. चोथा कुठला? सळईचा. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, वीज वाहणार कशी? त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाका, तोही चोथा काढेल. पण पोरगा मीठ घेऊन फिरत नाही.

२०१९ साली हरित लवादानंच म्हटलं होतं की ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागं ५०० मिलिग्रॅमच्या आत आहेत तिथं आरओ वापरू देऊ नये. आपल्या पट्ट्यातलं नदीचं पाणी मुळात गोडं. त्यातले होते नव्हते ते क्षार काढायचे, लिटरभर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडायचे आणि वर क्लोरीनही घालवून बसायचं. म्हणजे नंतर जारमध्ये जंतू शिरले तर त्यांना अडवायला कुणी नाही. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, धायरी भागात गुलेन बारी या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा हेच दिसलं. लोकांनी नळावरचा विश्वास उडाला म्हणून जारकडं धाव घेतली, आणि खासगी आरओ प्लान्टांचं पाणी तपासलं तर तिथंही घाण! महापालिकेला त्यांना टाळं ठोकावं लागलं.

घमेल्यातलं पिवळं खोटं, पेल्यातलं पिवळं खोटं. खरं पिवळं आहे तिसरंच, आणि ते बघायला कुणी जमत नाही. त्याला म्हणतात ओटी टेस्ट. काचेच्या नळीत नळाचं पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे दोन-चार थेंब. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही झालं तर समजायचं ते समजा. बाटली फुटकळ किमतीची, काम मिनिटाचं, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर विहिरीत टाकल्यावर हेच करतो. यात अंगातून काही निघत नाही, सळई लागत नाही, वहिनी ‘शी’ म्हणत नाहीत. न झालेल्या काविळीचं प्रात्यक्षिक देता येत नाही, ही या धंद्यातली मुख्य अडचण.

आणि नैसर्गिक म्हणाल तर आजीला नावं ठेवायला मी तयार नाही. निवळीचं बी उगाळून गढूळ पाण्याला लावायची, शेवग्याच्या बियांची पूड टाकायची. टेमघरला तुरटी जे करते तेच, घरगुती मापात. तिच्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतू मरतात, हेही प्रयोगशाळेत तपासून झालंय. आजीची पद्धत तपासली आणि टिकली, म्हणून ती खरी. नैसर्गिक तर पटकीही आहे.

बरं, टेमघरहून निघताना चांगलं असलेलं पाणी चाळीत येईस्तोवर बिघडतं कुठं? पाणी येतं तासभर, बाकीचा वेळ लाइन रिकामी. लाइन गटारातून गेलेली, सांध्याला गळती. त्यात पाणी सुटलं रे सुटलं की प्रत्येक जण टुल्लू पंप लावतो. टुल्लूला काय, पुढून पाणी मिळेना की तो फटीतून गटार ओढतो. एकाच्या मोटारीनं अख्ख्या गल्लीला कावीळ. मोटार लावणाऱ्या याच गृहस्थांच्या गळ्यात पुढच्या महिन्यात माळ असते, आणि ‘हल्लीचं पाणीच खराब’ असं ते पलंगावर पडून सांगतात. महापालिका तरी काय करते? पावसाळ्यात ‘पाणी उकळून, गाळून प्यावे’ अशी जाहिरात देते. म्हणजे शेवटचा शुद्धीकरण प्रकल्प तुमच्या गॅसवर. सिलिंडरचे पैसे कोण देणार, ते जाहिरातीत नसतं.

तेव्हा विचारायचंच असेल तर हे विचारा: आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळावर ओटी केव्हा घेतली? केंद्रात नाही, टाकीखाली नाही, शेवटच्या नळावर. या प्रश्नानं भल्याभल्या साहेबांची बोलती बंद होते, कारण त्याचं उत्तर कुठल्याही काढ्यात नाही. फार तर एक वही पुढं केली जाते. अशा वह्या मी गावोगाव चाळल्यात. रोजची तारीख, नळाची जागा, रकान्यात निळ्या शाईत ‘पॉझिटिव्ह’, खाली सही. एका वहीत तर लागोपाठ दोन दिवस असे ‘पॉझिटिव्ह’ होते की त्या दोन्ही दिवशी शटडाऊन होता आणि गावात पाण्याचा थेंब आलेला नव्हता.