कॅमेऱ्याला सुट्टी

जानेवारी 2020. वणव्याने होरपळलेल्या कोबार्गो गावात ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी हात पुढे केला. समोरची बाई तो हातात घेईना. मग त्यांनीच तिचा हात उचलून हातात घेतला. कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं.

साहेब धडा शिकले.

मार्च 2022. लिझमोर शहरात विल्सन्स नदी 14.4 मीटरपर्यंत चढून गेलेली, लोकांनी छपरांवर बसून होड्यांची वाट पाहिलेली. मॉरिसन आले, पण पूरग्रस्तांना भेटताना पत्रकारांचे कॅमेरे बाहेर! का, तर लोकांच्या खाजगीपणाची काळजी. महिनाभरापूर्वी सलूनमध्ये एका तरुणीचे केस धुताना मात्र हेच गृहस्थ हौसेने कॅमेऱ्यासमोर उभे होते.

आपल्याकडे 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात एक मंत्री होडीतून हसत हात हलवत होते. तिथे चित्रीकरणाला मज्जाव नव्हता.