तुटणाऱ्या बोल्टचा जाहीर सत्कार

आपल्याकडे मिनी ट्रॅक्टरला नवं ग्रास कटर जोडलं की आधी नारळ फुटतो आणि मग शिअर बोल्ट. नारळ फुटला की टाळ्या, बोल्ट तुटला की कंपनीच्या नावाने शिव्या. वास्तविक दोघांचंही काम फुटणं हेच. गवतात दडलेला दगड किंवा द्राक्षबागेच्या मांडवाची तुटकी तार पात्यात आली, तर शाफ्ट आणि गिअरबॉक्सला बसणारा हिसका स्वतःवर घेऊन तुटावं, एवढ्यासाठी हा बोल्ट मुद्दाम मऊ पोलादाचा करतात. अख्ख्या यंत्रात आपलं कर्तव्य नेमकं ठाऊक असलेला हा एकटाच कर्मचारी, आणि कर्तव्यदक्ष कर्मचाऱ्याचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचं होतं: बदली. दुसऱ्यांदा तुटला की मिस्त्री डब्यातून हाय-टेन्साइल बोल्ट काढतो आणि सांगतो, आता जन्मात तुटणार नाही. मिस्त्री खोटं बोलत नाही. पुढच्या वेळी बोल्ट शाबूत राहतो, गिअरबॉक्स जातो.

हा एका मिस्त्रीचा अडाणीपणा असता तर त्यासाठी सदराची जागा खर्ची घालण्याचं कारण नव्हतं. पण ही रीतच आहे. अवजार जोडणं म्हणजे त्याला आवर घालणारे भाग एकेक करून काढून टाकणं, अशी आपली पक्की समजूत झालेली दिसते. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर सर्वांत आधी जातं, कारण ते खडखडतं. मागची साखळ्यांची झालर जाते, कारण तिच्यात गवत अडकतं. खालच्या लिंकची लिंच पिन हरवते आणि तिच्या जागी खिळा किंवा बांधणीची तार येते. आता थोडा हिशेब करू. पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याचा, ठरलेला वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9. उपरण्याचं किंवा साडीचं टोक उघड्या शाफ्टला लागलं, तर ‘अरे’ म्हणेपर्यंत पाच-सहा वेढे बसलेले असतात. ग्रास कटरच्या गिअरबॉक्सने हे फेरे दुप्पट केले असं धरलं, तर 4 फुटी पात्याचं टोक ताशी 240 किलोमीटरच्या आसपास फिरतं. त्या वेगाने निघालेला खडा झालर नसेल तर समोर कोण उभं आहे याची चौकशी करत नाही. शेतीयंत्रं माणसांचे हात तोडतात हे सरकारला ठाऊक नाही असंही नाही. 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो प्रामुख्याने मळणीयंत्रांतल्या अपघातांमुळेच. कायदा चाळिशी ओलांडून गेला. झालरीला मात्र अजून काढून टाकायचा अडथळाच समजतात.

जोडणी हे काही गूढ शास्त्र नाही. आज जगभरच्या ट्रॅक्टरांना असते ती तीन बिंदूंची जोडणी हॅरी फर्ग्युसनने 1920 च्या दशकात घडवली, तीच मुळी एकट्या माणसाला अवजार जोडता यावं आणि अवजार अडलं तर ट्रॅक्टर मागे उलटू नये म्हणून. सपाट जागा घ्यावी, आधी डावी लिंक, मग उजवी, शेवटी टॉप लिंक. मग दोन्ही बाजू समपातळीत आणाव्यात, आणि पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवावं, म्हणजे गवत एकदाच कापलं जातं. मागची बाजू खाली राहिली की तेच गवत दोनदा कापलं जातं, इंजिनाचा आवाज बसतो आणि चालक ट्रॅक्टरमध्ये ताकदच नाही असा निष्कर्ष काढतो. सगळ्यात नाजूक काम शाफ्टच्या लांबीचं. अवजार वर-खाली करताना शाफ्ट जिथे सर्वांत आखूड होतो तिथे दोन नळ्यांची टोकं टेकायला नकोत, आणि जिथे सर्वांत लांब होतो तिथे त्या एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी राहायला हव्यात. तो लांब असेल तर हॅकसॉने दोन्ही नळ्या आणि दोन्ही कव्हरं सारखीच कापायची. हे मोजून करावं लागतं, आणि मोजणं म्हणजे आपल्या कसबावर अविश्वास. म्हणून शाफ्ट नजरेने कापला जातो. बांधाच्या चढावर लिफ्ट उचलली की लांब राहिलेला शाफ्ट पीटीओच्या बेअरिंगलाच धडक देतो, आणि दोष चिनी मालाला लागतो, माल कोल्हापूरचा असला तरी.

अश्वशक्तीचाही असाच मान ठेवला जातो. कापणीच्या प्रत्येक फुटामागे पीटीओवर साधारण 5 अश्वशक्ती असावी हा जाणत्यांचा ढोबळ अडाखा. त्या मापाने 18 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तीन-साडेतीन फुटांचं कटर पुरे. पण द्राक्षाच्या दोन ओळींत 8 ते 10 फूट अंतर असतं, आणि रुंद कटरने फेऱ्या कमी होतात हे गणित शाळेत न जाताही येतं. म्हणून 5 फुटी कटर येतं. ते मागे लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सल्ला दिल्यासारखं चालतं, म्हणजे ऐकलं तर ऐकलं. पुढे लोखंडी वजनं लावायची सोय असते, पण वजनाला पैसे पडतात. बॉनेटजवळ बसायला पुतण्या फुकट मिळतो. काही मिनी ट्रॅक्टरांच्या पीटीओला एकाहून जास्त वेग असतात, हा आणखी एक मोह. 540 च्या अवजाराला 1000 च्या जवळचा वेग दिला की गवत झपाझप पडतं खरं, पण पात्यातली ऊर्जा दुपटीने नाही, साधारण साडेतीन पटीने वाढते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की शेतकऱ्याला एवढा वेळ कुठे आहे? ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या धामधुमीत टेप घेऊन शाफ्ट मोजत बसायचं का? प्रश्न रास्त आहे. पण गिअरबॉक्स गेल्यावर तालुक्याच्या दुकानात ‘उद्या येईल’ ऐकत काढलेले दिवस कोणत्या खात्यात जातात? नीट जोडणीला लागणारा तासाभराचा वेळ दिसतो, कारण तो आपण घालवतो. मोडतोडीचा वेळ नशीब घालवतं, म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपली जमीन मुरमाड, दगडगोट्यांची, त्यात ओळीओळीत ठिबकच्या नळ्या. इथे मऊ बोल्ट दर तासाला तुटेल. तुटेलच. पण दर तासाला तुटणारा बोल्ट दर तासाला एक बातमी देत असतो: कटर फार खाली धरलंय, नळी आधी वर बांधली नाही, दगड वेचले नाहीत. बातमी आवडली नाही म्हणून वार्ताहर बदलायची पद्धत आपल्याकडे इतरत्रही आहे, म्हणून ती शहाणपणाची ठरत नाही. कव्हर उन्हाने तडकतं हेही खरं. मग नवं बसवा, त्याची किंमत बोटांपेक्षा कमी आहे. तिसरा आक्षेप, मॅन्युअल इंग्रजीत असतं. तो पूर्ण मान्य, आणि त्याची लाज शेतकऱ्याने नाही, विकणाऱ्याने बाळगावी. मात्र ‘तोंडी सांगितलं की बास, कागद कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी एक ऐतिहासिक आधार देऊन ठेवतो. खुद्द फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी 1938 मध्ये याच जोडणीचा करार निव्वळ हस्तांदोलनावर केला. 1952 मध्ये त्यावरून झालेल्या खटल्याचा निकाल 92.5 लाख डॉलरच्या तडजोडीने लागला.

आता सरकारकडे वळू, कारण यंत्र आणण्यात त्याचा हात मोठा आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठीच्या योजनेत 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर असा संच ठरलेला, साडेतीन लाखांची मर्यादा ठरलेली, 90 टक्के अनुदानही ठरलेलं. महाडीबीटीवरच्या इतर योजनांत अर्ज, पूर्वसंमती, बिल, मोका तपासणी आणि यंत्राशेजारी उभ्या शेतकऱ्याचा अक्षांश-रेखांशासह फोटो. यंत्र पृथ्वीवर नेमकं कुठे आहे हे शासनाला काही मीटरांपर्यंत कळतं. ते ट्रॅक्टरला नीट जोडलेलं आहे का, हे विचारणारा रकाना नाही. त्यामुळे शाफ्ट कोपऱ्यात, कव्हर गोठ्यात आणि कटर गवतात टेकलेलं असतानाही तपासणी निर्दोष पार पडते. नियमाप्रमाणे ती निर्दोषच असते, ही त्यातली खरी गंमत.

कोणी म्हणेल, म्हणजे आणखी एक अट, आणखी एक कागद, आणखी एक चहा. तसं नको. फोटो काढायचाच आहे, तर कटर जोडून, कव्हर आणि झालर जागेवर असताना, पीटीओ बंद ठेवून काढा. कागद एकही वाढत नाही, कॅमेरा फक्त दोन हात मागे सरकतो. आणि विक्रेत्याचं बिल पास करण्याआधी त्याच्या माणसाने शाफ्ट शेतकऱ्यासमोर मोजून कापला का, हे त्याच शेतकऱ्याला फोनवर विचारा. ज्याला अनुदान मिळालं त्याला फोन लावण्याएवढा नंबर शासनाकडे नक्की असतो.

तोवर ज्यांच्या गोठ्याबाहेर नवं कटर उभं आहे त्यांनी निदान एवढं करावं: कंपनीच्या मापाचे चार शिअर बोल्ट आजच विकत आणून टूलबॉक्समध्ये टाकावेत, आणि मिस्त्रीच्या डब्यातला तो न तुटणारा बोल्ट त्याला सन्मानाने परत करावा.