लाभार्थी : एक मोबाइल

चिकलठाण्यातल्या नव्या चार्जिंग केंद्राचा पहिला मासिक अहवाल आला आहे. ‘केंद्र कार्यान्वित. दैनंदिन वापर : एक. वापरात खंड नाही.’ हा एक म्हणजे वॉचमन मामांचा मोबाइल.

उद्घाटन तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर मागच्या वर्षीचं कुठलंही आठवा. हिरवी फीत, हिरवा गालिचा, हिरवे फुगे, आणि मांडवाबाहेर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या पांढऱ्या डिझेल गाड्या. साहेब परत येईपर्यंत गाडी थंडगार राहायला हवी ना. फोटोसाठी हिरव्या नंबर प्लेटची एक मोटार ट्रेलरवर घालून आणली होती आणि फोटो झाल्यावर ती ट्रेलरवरूनच परत गेली. साहेबांनी चार्जिंगची गन तिच्यात खोचली, टाळ्या पडल्या. मीटर अजून बसायचा आहे, हे फक्त मांडव सोडणाऱ्या पोरांना ठाऊक होतं.

मात्र माइकसाठी ओढलेली तात्पुरती लाइन तशीच राहिली. तिच्या बोर्डावर तीन पिनचं एक सॉकेट. मामांनी त्यात मोबाइल लावला. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘घरी लाइट गेली की रातभर येत नाही, साहेब. इथं करंट उगं पडून ऱ्हायलाय.’’

आता हिशेब करायलाच हवा. साधा 5000 एमएएचचा मोबाइल शून्यापासून पुरा भरायला, चार्जरचं खाणं धरून, 25 वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटात 40 मोबाइल. छोट्या इलेक्ट्रिक मोटारीची बॅटरी 30 युनिटांच्या आसपास असते. तेव्हा एका मोटारीला एकदा लागते तेवढी वीज खायला मामांच्या मोबाइलला, रोज न चुकता लावला तरी, सव्वातीन वर्षं हवीत. राज्याच्या 2021 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात आपल्या शहरासाठी 2025 पर्यंत 75 चार्जिंग केंद्रांचं उद्दिष्ट लिहिलेलं होतं. त्यातलं हे कितवं, ते मामांना विचारून उपयोग नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो अहवाल कसला! समितीची बैठक झाली आणि ‘वापरात वैविध्य आणा’ असा शेरा पडला. मामा सांगकामे. त्यांनी जालना रोडवरच्या शेअर रिक्षावाल्यांना हाक मारली. ते आपापले मोबाइल घेऊन आले. समोरच्या सलूनवाल्याने ट्रिमर लावला, पाणीपुरीवाल्याने रात्रीचा दिवा. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बाया इलेक्ट्रॉनिक काटे घेऊन रांगेत बसल्या. नोंदवही छापील, तिचे रकाने ठरलेले. ‘वाहनाचा प्रकार’ : काटा. ‘मालकी’ : स्वतःची. ‘एका चार्जमध्ये पल्ला’ या रकान्यात काय लिहावं हे मामांना कळेना, तेव्हा काट्यावर छापलेलं 40 वाचून त्यांनी 40 लिहिलं. ते किलो होते. वर गेल्यावर त्याचे किलोमीटर झाले. ट्रिमरवर काहीच छापलेलं नव्हतं, म्हणून त्याचाही पल्ला सरासरीने 40 धरण्यात आला. मग सल्लागारांनी गणित मांडलं : हा ट्रिमर पेट्रोलवर चालला असता आणि रोज 40 किलोमीटर गेला असता, तर हवेत किती धूर सोडला असता? तेवढा धूर वाचला. त्याचा स्तंभालेख झाला. स्तंभ हिरवा आहे. दिल्लीतल्या कुठल्याशा परिषदेत तो पडद्यावर झळकला, आणि सलूनवाल्याला अजून पत्ता नाही की आपण रोज दाढ्या करता करता जालन्यापर्यंतचं निम्म्याहून अधिक अंतर तोडतोय.

त्या नोंदवहीत एक रकाना नाही. मामा कामावर येतात कशाने, याचा. सायकलने. मुकुंदवाडीहून. सायकलला वायर लावावी लागत नाही, म्हणून तिचा वापर शून्य. सकाळच्या पाळीला एमआयडीसीच्या गेटांवर उभे राहा आणि बघा, हँडलला डबा अडकवून माणसं येतात अजून, सायकलने, पायी. या शहरात प्रदूषण न करता कामावर जाणारा माणूस पन्नास वर्षांपासून आहे. त्याच्यासाठी जालना रोडवर एक हातभर पट्टा आखावा, असं कधी कुणाच्या मनात आलं का? आखला असता तरी त्यावर चारचाकी उभी राहिली असती ते सोडा. पण आखलाच नाही. सिडको चौकापासून केंब्रिज चौकापर्यंत त्याने ट्रकच्या चाकाशेजारून जायचं, मे महिन्यात बेचाळीस अंशांत, आणि सावली हवी असेल तर होर्डिंगची घ्यायची. होर्डिंगवर ‘हरित वाहतूक, आपली जबाबदारी’. कुणाची? त्याची? तो तर पार पाडतोय!

याच रस्त्यावर शेंद्रा ते वाळूज मेट्रो आणि तिच्यासाठी दुमजली पूल, दोन्ही कागदावरून सुसाट धावून गेले. तिकडे बिडकीनला बॅटरीच्या गाड्या बनणार, याचे ढोल वाजताहेत. वाजू देत, पोरांना कामं मिळतील. पण माझ्या घरी नळाला आठवडा आठवडा पाणी येत नाही आणि जे येतं ते टँकरने येतं, आणि टँकर डिझेलवर येतो. पाणी डिझेलवर, वीज बरीचशी कोळशावर, आणि भाषण मात्र सौरऊर्जेवर. एका युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो हो! परळीच्या राखेत राहणाऱ्यांना विचारा त्या हिरव्या स्तंभाचा रंग. हे लिहिताना माझी लाइट दोनदा गेली, तेव्हा तोल सुटला असेल तर सुटू दे.

असो. मामांचं पुढे काय झालं ते राहिलंच. अहवालाच्या चौथ्या पानावर त्यांचं नाव ‘लाभार्थी’ म्हणून आहे. नवव्या पानावर, लेखापरीक्षणाच्या परिशिष्टात, ‘अनधिकृत वीजवापर करणारा इसम’ म्हणूनही तेच नाव आहे. चौथं पान एका टेबलावर तयार झालं, नववं दुसऱ्या. मधल्या पानांवर नुसते फोटो आहेत. नियमाप्रमाणे नोटीस निघाली. रोजचे पंचवीस पैसे, दंड वेगळा. ती बजावायला कार्यालयाची डिझेल गाडी शहरातून चिकलठाण्यापर्यंत आली, ड्रायव्हर, शिपाई आणि कारकून मिळून तीन माणसं.

मामांनी सही केली, चहा मागवला. कारकुनाने पंचनाम्याचा फोटो काढायला मोबाइल हातात घेतला तर त्याची बॅटरी संपलेली. ‘‘लावा की साहेब इथंच,’’ मामा म्हणाले आणि आपला मोबाइल काढून त्यांनी सॉकेट मोकळं करून दिलं. नोंदवहीही पुढे केली. कारकुनाने सवयीने सगळे रकाने भरले, पल्ला 40.

पुढच्या अहवालात ‘शासकीय वाहनांचाही उत्स्फूर्त प्रतिसाद’ असा स्वतंत्र मथळा आहे.